दहा थेंब आणि अडीच टोपणं

आमच्या घराण्याच्या इतिहासाचे दोन कालखंड पडतात. साबणात किलोमागे दहा थेंब सुगंध पडत होता तो पहिला, आणि अडीच टोपणं पडू लागला तो दुसरा. या दोहोंच्या सीमेवर एका मुलीचं भवितव्य ठरलं, एका तत्त्वनिष्ठ माणसाने आपली मूठ सैल केली आणि विज्ञानाचा विजय झाला. निदान माझे वडील शेवटपर्यंत असंच सांगत. मी त्या वेळी चौदा वर्षांची होते आणि थेंब मोजायचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे मला थोडं वेगळं आठवतं.

आम्ही सेलूला राहत होतो. दोन खोल्या, पुढे पडवी, मागे अंगण आणि अंगणाच्या कोपऱ्यात मोरी. घरात बाबा, आई, मी आणि बाबांची धाकटी बहीण शकुनआत्या. बाबा शाळामास्तर. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत कुठल्याशा शिबिरात आठ दिवस राहून ते साबण करायला शिकले, आणि परत आले तेव्हा त्यांच्या बोलण्यात ‘आपण’च्या जागी ‘समाज’ हा शब्द येऊ लागला होता. ‘समाजाने बाजारचा साबण का वापरावा?’ असं ते आम्हा तिघींना विचारत. पहिल्याच दिवशी त्यांनी कॉस्टिक सोड्याचं पाणी आईच्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यात, म्हणजे आमच्याकडच्या गंजात, कालवलं. गंज फसफसला, काळा पडला आणि त्याच्या बुडाला बोट जाईल एवढं भोक पडलं. आईने तो उचलून भोकातून अंगणाकडे पाहिलं आणि म्हणाली, “साबन तं लय जोरदार निंगाला. गंजही धुतला अन् बूडही धुतलं.” त्यानंतर साबणासाठी मातीचं मडकं आलं.

साबणाचा दिवस म्हणजे रविवार. आदल्या संध्याकाळी बाबा कॉस्टिक भिजवून ठेवत आणि त्याच्या आसपास कुणी फिरकू नये म्हणून भोवती खडूने गोल आखत. सकाळी तेल. दोन भाग मोहाचं आणि एक भाग निंबोळीचं. तेल आणि पाणी एकत्र आलं की लाकडी दांड्याने एकाच दिशेने ढवळायचं. चुकून दिशा बदलली तर साबण फाटतो, असं शिबिरात सांगितलं होतं. मी पुढे रसायनशास्त्र शिकले. साबणाला दिशा कळत नाही. पण त्या वयात उजवीकडून डावीकडे एक फेरा चुकला तर काळजाचा ठोका चुकायचा. दांड्याचा ‘चप् चप्’ असा ओला आवाज, पलीकडच्या आवारातल्या पिठाच्या गिरणीचा ठोका, आणि आत आईच्या तव्यावर ज्वारीची भाकर फुगताना येणारा तो हलका सुस्कारा. आजही कुठे गिरणी चालू असली की माझा उजवा हात आपोआप गोल फिरू पाहतो. मिश्रण पिठल्याइतकं दाट झालं की बाबा ‘थांबा’ म्हणत, आणि मग सुगंधाची वेळ येई.

सुगंध खसाचा होता. वर्ध्याहून आणलेली तपकिरी बाटली कपाटात वरच्या फळीवर कुलपात असे. आमच्याकडे कुलपात ठेवलेल्या वस्तू दोनच, ही बाटली आणि बाबांची प्रमाणपत्रं. बाबांच्या मते सुगंध हा साबणाचा गुण नव्हे, अलंकार आहे, आणि अलंकार फार झाले की माणूस मूळ वस्तू विसरतो. तरीही शिबिरातल्या गुरुजींनी किलोला दहा थेंबांची सवलत दिली होती. डोळ्यांत औषध घालायच्या काचेच्या नळीने बाबा थेंब सोडत आणि मी मोठ्याने मोजत असे. “आठ... नऊ... दहा.” दहाव्या थेंबाला ते नळी अशा झटक्याने वर घेत की अकरावा थेंब लाजून मागे जाई. मग ते मडक्यावर वाकून डोळे मिटून वास घेत आणि म्हणत, “पुरे. याहून जास्त म्हणजे विलास.” आम्हीही वाकून वास घेत असू. आम्हा सगळ्यांना खसाचाच वास येई, फक्त खसाचा. ही गोष्ट महत्त्वाची आहे.

शकुनआत्या तेव्हा चोवीस वर्षांची होती. मॅट्रिक झालेली, बालवाडीत शिकवायला जाणारी, उंच, सावळी, आणि हसू आलं की पदर तोंडाशी न नेणारी. आम्ही दोघी एका वाकळेवर झोपायचो. तिला बघायला त्या वर्षी दोन ठिकाणचे लोक येऊन गेले होते. पहिले अल्लीपूरचे. चांगली बोलणी झाली, माणसं हसली-खिदळली, आणि चौथ्या दिवशी चिठ्ठी आली की योग नाही. दुसरे आर्वीचे. त्यांनी कळवलं की मुलाला अजून शिकायचं आहे. मुलगा तिशीला टेकलेला होता आणि सातवीनंतर त्याने शिकण्याची घाई केल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. दुसऱ्या नकारानंतर आत्याने बालवाडीतून येताना हळकुंड आणलं आणि रोज चेहऱ्याला लावायला सुरुवात केली. भिंतीवरचा आरसा तिने माझ्या उंचीला लावून टाकला. “तुले लागते आता,” एवढंच म्हणाली. मी खुश झाले. चौदा वर्षांच्या मुलीला दुसऱ्याचं दुःख कळतं, पण आरसा आधी दिसतो.

तिसरं स्थळ पुलगावचं होतं. मुलगा पाटबंधारे खात्यात, माणसं सुधारलेली, शिवाय मुलाचे काका कसल्याशा मंडळाचे अध्यक्ष. ते महिन्याने येणार होते. आत्या तेव्हा आईला हळूच म्हणाली, “वहिनी, याहीनं नाई म्हटलं तं दादाले सांगजो, आता मले बसवू नका कोनापुढं. मी बालवाडीतच बरी.” हे बोलताना ती तांदूळ निवडत होती, आणि चांगले दाणेसुद्धा खड्यांबरोबर बाहेर टाकत होती. आईने ताट ओढून घेतलं.

याच आठवड्यात वेणूबाईच्या हाताला ग्रीस लागलं. वेणूबाई हिंगणीची. घरच्या मळ्यातली भाजी घेऊन बाजाराच्या दिवशी एसटीने सेलूला यायची, आणि बाजार उठला की आमच्या पडवीत पाणी प्यायला टेकायची. उरलेली मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर आईला द्यायची आणि आई तिला काहीबाही खायला द्यायची. एरवी ती नुसत्या पाण्याने हात खळबळून बसे. त्या दिवशी टोपली एसटीच्या टपावरून उतरवताना शिडीचं ग्रीस दोन्ही हातांना लागलं होतं, म्हणून आईने तिला मोरीवरचा साबण दाखवला. बाबा पडवीत होते. आपला साबण समाजातली एक स्त्री वापरते आहे हे पाहून ते खुर्ची थोडी पुढे सरकवून बसले.

वेणूबाईने हात धुतले, पोह्यांची बशी घेतली, पहिला घास तोंडात टाकला आणि चावायची थांबली.

“मास्तरीनबाई, पोह्याईत काय टाकलं वो?”

“काय टाकीन? कांदा, हिरवी मिरची, शेंगदाने.”

“मंग कडू काऊन लागून राह्यले?”

आईचा चेहरा कठीण झाला. कारण हे तिने आधी ऐकलं होतं. अल्लीपूरच्या मुलाच्या आईने पोहे खाता खाता ‘तुमच्याकडं पोह्यात मेथीदाना टाकतेत काय?’ असं विचारलं होतं, आणि त्या बाईला खोचक बोलायची सवय आहे असं आमच्या घरात एकमताने ठरलं होतं. आईने वेणूबाईच्याच बशीतले चार दाणे उचलून तोंडात टाकले. “चांगले तं आहेत.” आत्याने खाल्ले. मी खाल्ले. बाबांनीही येऊन खाल्ले आणि ‘रुचकर’ असा निर्णय दिला. वेणूबाईने आमच्या चौघांच्या तोंडांकडे आळीपाळीने पाहिलं. मग तिने स्वतःच्या बोटांचा वास घेतला.

“पोहे नाई वो कडू,” ती म्हणाली. “हात कडू आहे माहा. निंबोयीचा वास मारून राह्यला नुसता. तुमच्या घरात येते तवा येतेच म्हना थो वास, पन मले वाटे घरात पेंड ठेवली असन. हा तं साबनाचा व्हय.”

“अहो, खस आहे तो,” बाबा म्हणाले.

“खस असन गुर्जी, पन थो निंबाच्या मांगं लपून बसला.”

 मला मात्र शाळेतल्या बऱ्याच गोष्टींचा एकदम उलगडा झाला. माझा रुमाल कुणी कधी मागत नसे. मी शेजारी बसले की वर्गातली सुलभा खिडकीकडे सरके, आणि ती हवेशीर स्वभावाची आहे अशी माझी समजूत होती. तीन वर्षं आम्ही त्या साबणाने अंग धुतलं होतं, कपडे धुतले होते, त्याच हातांनी जेवलो होतो. आमची नाकं निंबोळीला इतकी सरावली होती की ती त्यांना जाणवेचना. तिच्याआडून येणारा दहा थेंबांचा खस तेवढा कळायचा. आणि प्रत्येक पाहुण्याला आम्ही आल्याबरोबर हातपाय धुवायला पाणी आणि साबणाची वडी देत होतो, बाबांच्या खास आग्रहाने, आणि लगेच पोहे.

आत्या उठली. तिने वेणूबाईचा उजवा हात धरून तिला मोरीवर नेलं, चुलीतली राख आणून तो हात स्वतः चोळून चोळून धुतला, आणि परत आणून बशीपुढे बसवलं. “आता खा.” वेणूबाईने खाल्लं. “आता गोड लागते.” आत्या खाली बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि हळद ओली होऊन हनुवटीपर्यंत आली. “म्हंजे मी नोती,” ती म्हणाली. “वहिनी, मी नोती थे. पोहे होते!”

बाबा खाकरले. “शकुन, एका व्यक्तीच्या मतावरून निष्कर्ष काढणं शास्त्रीय नाही. आणि साबणाचा धर्म स्वच्छता. सुगंध हा...”

“दादा, तुमच्या दहा थेंबापायी मी दोनदा नेसून बसली लोकाईपुढं,” आत्या म्हणाली. आवाज चढवला नव्हता तिने. “दोनदा मान खाली घालून नाव सांगतलं. चाबी द्या.”

बाबांनी आयुष्यात पुष्कळ भाषणं केली. त्यांतली बरीचशी मला पाठ आहेत. पण त्या वेळी त्यांनी फक्त सदऱ्यातून जानवं बाहेर काढलं. जानव्याला बांधलेली किल्ली त्यांना सुटेना, तेव्हा आत्यानेच वाकून गाठ सोडली. मग ते हळूच म्हणाले, “प्रयोग करायचा तर नीट करा. नमुने वेगवेगळे ठेवा.” माघार घेतानाही ते मार्गदर्शन करत. मला त्यांचा हा गुण तेव्हा हास्यास्पद वाटायचा. आता मीही सुनेला असंच करते, असं ऐकते.

प्रयोग आत्याने केला. एक किलो तेलाचा साबण ढवळून पिठल्यासारखा झाल्यावर तिने त्याचे पाच सारखे भाग पाच करवंट्यांत ओतले. बाटलीच्या टोपणात किती थेंब मावतात ते आधी मला मोजायला लावलं; शंभराला चार कमी भरले. पहिल्या करवंटीत बाबांच्या हिशेबाने दोन थेंब. दुसरीत दहा, तिसरीत वीस. चौथीत अर्धं टोपण. पाचवीत पाऊण टोपणाहून वर, तेव्हा बाबा आत निघून गेले. प्रत्येक करवंटीत नंबराइतक्या आगकाड्या खोचल्या. महिनाभर वाळू द्यायचा नियम होता, पण पाहुणे थांबणार नव्हते. तीन आठवड्यांनी करवंट्या फोडल्या आणि आतून पाच अर्धगोल वड्या निघाल्या.

वेणूबाईने त्या दिवशी भाजी लवकर विकून टाकली होती. “ईकली काहाची, वाटूनच आली म्हना,” असं म्हणत ती ऐटीत पडवीत बसली. आईने मोठी कढई भरून पोहे केले होते. दर वेळी वेणूबाईने राखेने हात धुवायचा, मग एका वडीने, मग पाच घास. कुठली वडी कितवी हे तिला सांगायचं नव्हतं. पहिल्या वडीला ती म्हणाली, “हे तं निंबाच्या झाडावर चढून जेवल्यावानी.” दुसरीला म्हणाली, “झाड तेच, फक्त खाली उतरून राह्यलो.” तिसरीला ती बराच वेळ चावत राहिली. “दोघं भांडून राह्यले. कोनीच आयकत नाई.” चौथीचा पहिला घास तिने खाल्ला. दुसरा खाल्ला, तिसरा खाल्ला.

“काय वो?” आत्याने विचारलं. 

“काई नाई. पोहे व्हय हे. मीठ जराक कमी आहे.”

आत्याने आईकडे पाहिलं. आईने मीठ चाखून मान हलवली. खरंच कमी होतं. पाचवी वडी न्यायासाठी तपासली. त्यावर वेणूबाई म्हणाली, “अत्तर लावलेला म्हातारा लगनात बाजूले येऊन बसते ना, तसं लागते,” आणि उरलेले पोहे राखेने हात धुऊन संपवले. अर्धं टोपण पाचव्या भागाला, म्हणजे किलोला अडीच टोपणं. बाबांनी आतून हाक मारून विचारलं, “किती?” आत्याने सांगितलं. आतून खाकरणं ऐकू आलं. मग, “लिहून ठेवा.”

पुलगावचे लोक ठरल्या दिवशी आले. मुलगा, त्याचे आईवडील, एक बहीण, एक मेहुणे आणि अध्यक्ष काका. काकांच्या टोपीला इतकी खळ होती की ती त्यांच्यानंतर अर्ध्या क्षणाने वळे. अंगणात मी पाणी घालत होते, बाबा टॉवेल घेऊन उभे. चौथ्या क्रमांकाची वडी मोरीच्या कठड्यावर केळीच्या पानावर ठेवली होती. काकांनी हात धुतले, वास घेतला आणि विचारलं, “कुठला म्हणायचा हा?” बाबा या प्रश्नाची तीन वर्षं वाट पाहत होते. त्यांनी स्वावलंबनापासून सुरुवात केली. काकांनी साधी राहणी या विषयावर उत्तर दिलं. दोघांचे हात ओलेच होते आणि मागे मुलगा, हात पुढे करून, पाण्यासाठी ताटकळत उभा होता. मी त्याच्या हातावर पाणी घातलं तेव्हा तो हळूच मला म्हणाला, “हे नेहमी असंच बोलतात का?” मी म्हटलं, “तुमचे पन?” तो म्हणाला, “रोज.” तेव्हाच मी त्याला मनातल्या मनात पास करून टाकलं.

त्यानंतर मी आत आत्यापाशी बसले होते. तिचा हात माझ्या हातात होता. बैठकीत बशा गेल्या. भिंतीआडून आम्ही कान लावून होतो, पण कुणी काही बोलेना. आत्या ओठ न हलवता थेंब मोजल्यासारखं काहीतरी मोजत होती. मग काकांचा आवाज आला, “पोहे फार उत्तम झाले आहेत हो,” आणि मुलाच्या आईने आणखी मागून घेतले. आत्याने माझा हात इतक्या जोरात दाबला की माझी हिरवी बांगडी फुटली.

होकार तिथेच दिला गेला. आत्या पुलगावला गेली, आणि ते गृहस्थ शेवटपर्यंत तसेच राहिले, कमी बोलणारे आणि अचूक वेळी बोलणारे. ती गेल्यावर वाकळ मला फार मोठी पडू लागली. काही वर्षांनी तिच्याकडे राहायला गेले तेव्हा मोरीत दुकानातला गुलाबी साबण होता. मी त्याच्याकडे पाहिलं, तिने माझ्याकडे पाहिलं, आणि आम्ही दोघी हसलो. परवा माझ्या सुनेने शहरातल्या एका चकचकीत दुकानातून निंबोळीचा साबण आणला. तागाच्या दोरीने बांधलेला, वर लिहिलेलं ‘सुगंधविरहित’. तिने तो माझ्या नाकाशी धरला आणि विचारलं, “कसा आहे?” मला कसलाच वास आला नाही.

बाबांनी तो अडीच टोपणांचा आकडा पुढे कुठे कुठे नेला. शाळेत, महिला मंडळात, शिबिरांत, आणि आत्याच्या लग्नात तर जेवणाच्या पंगतीत उभं राहून. योग्य मात्रेतला सुगंध हा विलास नसून कर्तव्य आहे, हे त्यांचं वाक्य ठरलेलं असे, आणि त्यानंतर ते पुलगावच्या लोकांनी दुसऱ्यांदा मागून घेतलेल्या पोह्यांचा दाखला देत. आई तिथे असली तर मान डोलावून ऐकत असे. तिने त्यांना कधी अडवलं नाही.

त्या दिवशी पाहुण्यांनी पोहे चमच्यांनी खाल्ले. आईने सकाळीच शेजारच्या कंपाउंडरच्या घरून सहा चमचे मागून आणले होते, आणि संध्याकाळी मीच ते राखेने घासून परत नेऊन दिले.